ऑक्सफर्ड-केंब्रिजवरची अठराव्या शतकातली उपहासचित्रं कशी वाचायची : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांवर, प्राध्यापकांवर आणि तिथल्या पाद्र्यांवर भरपूर उपहासचित्रं निघाली. आज ती घरबसल्या, फुकट आणि चांगल्या प्रतीत बघता येतात. चित्रं मिळवणं आता अवघड नाही. ती समोर आल्यावर नेमकं कशाला हसायचं, इथे गाडं अडतं. दिवाळी अंकातलं व्यंगचित्र एका नजरेत कळतं, कारण त्यातला पुढारी आणि त्यातली महागाई आपण रोज भोगलेली असते. या चित्रांत मात्र टोपीचा गोंडा सोनेरी आहे की काळा, यावर अख्खा विनोद उभा असतो आणि ते सांगायला शेजारी कुणी नसतं. मी हा अभ्यास बराच काळ करतो आहे. ज्या क्रमाने गेल्यावर गोंधळ कमी होतो, तो क्रम इथे देतो.

आधी हाताशी काय हवं

- मोठा पडदा. फोनवर चेहरे दिसतात, पण चित्राखालची बारीक अक्षरं दिसत नाहीत, आणि निम्मा मजकूर तिथेच असतो.
- एक वही किंवा तक्ता. त्यात कोणते रकाने हवेत ते शेवटी सांगितलं आहे.
- ब्रिटिश म्युझियमची ऑनलाइन सूची. ती कशी वापरायची ते सहाव्या पायरीत येईल.
- मूळ छापील प्रत हाताळायला मिळणार असेल तर भिंग.
- लॅटिन शिकायची गरज नाही. सहा-सात संक्षेप पुरतात आणि ते खाली दिले आहेत.

१. चित्र उघडण्याआधी ते जग समजून घ्या

त्या काळी इंग्लंडमध्ये विद्यापीठं दोनच होती. तिसरं उभं राहायला एकोणिसावं शतक बरंच पुढे जावं लागलं. दोन्ही विद्यापीठं अँग्लिकन चर्चची, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची होती. ऑक्सफर्डमध्ये नाव दाखल करतानाच चर्चच्या ३९ कलमांना मान्यता द्यावी लागे. शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी पुष्कळजण पाद्री होत. त्यामुळे या चित्रांत प्राध्यापक आणि पाद्री बहुतेक एकच माणूस असतो.

कॉलेजच्या सभासदाला फेलो म्हणत. फेलोला राहणं, जेवण आणि उत्पन्नाचा वाटा मिळे, पण लग्न केलं की फेलोशिप जाई. लग्न करायचं तर कॉलेजच्या ताब्यातल्या एखाद्या गावच्या चर्चची जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागे, आणि ही वाट कधी कधी वीस-वीस वर्षं बघावी लागे. जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले जाडजूड, कंटाळलेले, वयस्क ब्रह्मचारी या चित्रांत इतके का दिसतात, याचं उत्तर या नियमात आहे. चित्रकार खादाडपणावर हसतो खरा, पण त्यामागे एक अडकून पडलेलं आयुष्य असतं. हे ध्यानात ठेवलं की चित्र जास्त खोलवर पोचतं.

विद्यार्थ्यांच्याही पायऱ्या होत्या. ऑक्सफर्डमध्ये वरून खाली नोबलमन, जंटलमन-कॉमनर, कॉमनर आणि तळाला सर्व्हिटर. केंब्रिजमध्ये नोबलमननंतर फेलो-कॉमनर, पेन्शनर आणि सायझर. पेन्शनर म्हणजे निवृत्त माणूस नव्हे. स्वतःच्या खर्चाने राहणारा साधा विद्यार्थी, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हिटर आणि सायझर ही गरीब मुलं. फी कमी पडावी म्हणून त्यांनी कॉलेजात सेवा करायची, असा मूळचा रिवाज होता. फेलो-कॉमनर जास्त पैसे भरून फेलोंच्या टेबलावर जेवत.

बायका या विद्यापीठांत विद्यार्थिनी म्हणून नव्हत्याच. चित्रात बाई दिसली तर ती खोल्या आवरणारी असते, गावातली असते किंवा समारंभाला आलेली पाहुणी असते. या तिघींतली कोणती, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. पहिलं चित्र एकच घ्या, आणि ते होगार्थचं घ्या

विल्यम होगार्थ हा त्या काळचा लंडनचा उपहासचित्रकार. त्याचं ‘स्कॉलर्स अॅट अ लेक्चर’ सुरुवातीसाठी उत्तम. चित्र लहान आहे, त्यात पार्श्वभूमी जवळजवळ नाही, नुसती डोक्यांची गर्दी आहे. उजवीकडे व्याख्याता कागदावरून वाचतो आहे. समोर आणि भोवती टोप्या घातलेली मंडळी : कुणी आ वासलेला, कुणाचे डोळे मिटत आलेले, कुणी भलतीकडेच बघणारा.

घाई न करता तीन गोष्टी बघा.

पहिली, आकार. चौकोनी टोप्यांचे टोकदार कोपरे वेगवेगळ्या कोनांत वळले आहेत आणि त्यांच्याखाली गोल, मऊ, सुस्त चेहरे. भूमितीच्या आकृत्यांसारखी काटेकोर टोपी आणि तिच्याखाली काहीच न घडणारं डोकं, हा विरोध होगार्थने फक्त रेषांतून उभा केला आहे. चित्राखाली एक ओळ नसती तरी तो कळला असता.

दुसरी, हातातला कागद. त्यावर ‘दातुर व्हॅक्युउम’ असं लॅटिन लिहिलं आहे : पोकळी अस्तित्वात आहे. निसर्गात पोकळी असू शकते का, हा तेव्हाच्या तत्त्वज्ञानातला मोठा वाद होता. अॅरिस्टॉटलची परंपरा नाही म्हणे, न्यूटननंतरचं विज्ञान हो म्हणे. म्हणजे व्याख्यानाचा विषय अगदी खरा आणि गंभीर आहे, आणि त्याचा पुरावा बाकांवर बसलेला आहे. नवखा वाचक ‘विद्यार्थी मठ्ठ’ एवढंच घेऊन पुढे जातो. पण वाचणाऱ्याचा चेहराही बघा. तोसुद्धा जागा असल्यासारखा दिसत नाही.

तिसरी, तो व्याख्याता कोण. जीझस कॉलेजचा फिशर, ऑक्सफर्ड विद्यापीठाचा रजिस्ट्रार, अशी त्याची ओळख परंपरेने सांगितली जाते. त्याच्या संमतीनेच होगार्थने त्याला काढलं असंही म्हणतात. हे खरं धरलं तर थट्टा ज्याची होते आहे तोच त्यात सामील आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा लागणार आहे.

हे एक चित्र नीट झालं की होगार्थच्याच ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या १७३५च्या मालिकेतलं पहिलं चित्र बघा. त्यात ऑक्सफर्ड कुठेच दिसत नाही. बाप वारल्यावर टॉम रेकवेल वारसा घ्यायला घरी आला आहे. दारात गरोदर सारा यंग रडते आहे, आणि तिच्या आईच्या ओटीतल्या पत्रांवर पत्ता ऑक्सफर्डचा आहे. मुलगा तिथे काय शिकला, हे एका लिफाफ्यावरून कळतं. विद्यापीठावरची चित्रं शोधताना फक्त गाऊन आणि टोप्या शोधू नका, ही शिकवण मला या चित्राने दिली.

३. चित्राच्या तळाची ओळ वाचा

नवीन माणूस ही ओळ सोडून देतो. मी मात्र आता चित्रही नंतर बघतो, आधी ही ओळ.

होगार्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने १७३५ साली ब्रिटिश संसदेने छापचित्रांना चौदा वर्षांचं संरक्षण देणारा कायदा केला. ते मिळवायचं तर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख छपाईच्या तांब्याच्या पाटीवरच कोरावी लागे. म्हणून त्यानंतरच्या असंख्य चित्रांखाली ‘कायद्याप्रमाणे प्रकाशित’ अशा अर्थाची ओळ, दिवस, महिना, वर्ष आणि दुकानाचा पत्ता असतो. अभ्यासकाला इतकं नेमकं साधन दुसऱ्या कुठल्या कलेत क्वचितच मिळतं.

नावांपुढचे संक्षेप रोमन लिपीत असतात. उच्चारावरून ते असे ओळखा :

- इन्व्ह. : कल्पना याची.
- डेल. : रेखाटन याचं.
- पिंक्स. : मूळ रंगचित्र याचं.
- स्कल्प. : पाटीवर कोरलं याने.
- फेक. : चित्र केलं याने, बहुतेक वेळा एचिंग, म्हणजे आम्लाने पाटीवर रेषा खोदून.
- एक्सक. : प्रकाशित केलं याने.

एका चित्रावर तीन वेगळी नावं असू शकतात. ‘हे अमक्याचं चित्र’ असं लिहिण्याआधी कुणाचं काम कोणतं ते वेगळं करा.

इथे तीन खड्डे आहेत. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. होगार्थच्या व्याख्यानाच्या चित्रावर ३ मार्च १७३६ अशी तारीख आहे. आपल्या हिशेबाने ते साल १७३७. जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतच्या तारखा दिसल्या की लगेच ही शंका घ्या. दुसरा खड्डा ‘एस’ या अक्षराचा : शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये ते लांबट काढत आणि ते हुबेहूब ‘एफ’सारखं दिसतं. तिसरा किमतीचा. आकड्यापुढे ‘डी’ असेल तर पेनी, ‘एस’ असेल तर शिलिंग. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. होगार्थचं ते चित्र सहा पेनींना होतं.

४. टोपी, गोंडा, गाऊन

इथे वेळ द्या. या चित्रांत चेहऱ्याआधी कपडे बोलतात.

ऑक्सफर्डमध्ये सोनेरी गोंडा नोबलमनच्या टोपीला. जंटलमन-कॉमनरला रेशमी गाऊन आणि मखमली टोपी. साध्या विद्यार्थ्याचा गाऊन आखूड, काळा आणि साधा. सर्व्हिटरच्या टोपीला गोंडा नसे. सोनेरी गोंड्याच्या मागे मागे करणाऱ्यांना पुढे ‘टफ्ट-हंटर’ (टफ्ट म्हणजे गोंडा) हे नावच पडलं. म्हणून चित्रात चार जण असतील तर कोण कुणाकडे झुकला आहे, कुणाची टोपी डोक्यावर आहे आणि कुणाची हातात, हे आधी मांडून घ्या. नाटक बहुतेक वेळा तिथेच उलगडतं.

केंब्रिजसाठी एक उपयोगी साल : १७६९. तोवर तिथल्या साध्या विद्यार्थ्यांच्या टोप्या गोल होत्या. त्या वर्षी विद्यार्थ्यांनी कुलपती ड्यूक ऑफ ग्राफ्टन यांच्याकडे अर्ज केला आणि चौकोनी टोपी मिळवली. गोल टोपीतला केंब्रिजचा विद्यार्थी दिसला तर प्रसंग त्याआधीचा असण्याची शक्यता धरा, पण फक्त शक्यताच. लंडनमध्ये बसलेला कोरक्या नेहमीच अचूक नसे.

प्रॉक्टर ओळखायला शिका. हा शिस्त सांभाळणारा अधिकारी. रात्री खानावळी आणि गल्ल्या धुंडाळून तो विद्यार्थ्यांना पकडे. रात्रीचा देखावा, कंदील, पळापळ आणि मागून येणारा गाऊनवाला असं दिसलं की तो बहुधा प्रॉक्टर.

केसांवरूनही काळ कळतो. १७९५ साली केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनीचा (एकवीस शिलिंगांचा) कर बसला आणि तरुणांनी पावडर झपाट्याने सोडली. त्यानंतरच्या चित्रात म्हातारा डॉक्टर (वैद्य नव्हे, विद्यापीठाची वरची पदवी घेतलेला) पांढऱ्या विगात आणि विद्यार्थी आखूड केसांत दिसला, तर ती दोन पिढ्यांची टक्कर समजा.

५. काढलं कुणी, विकलं कुणी

ही चित्रं बाहेरच्या माणसांनी विद्यापीठावर केलेला हल्ला आहेत, असा समज पहिल्यांदा होतो. माझं मत उलट आहे. यातली चांगली चित्रं आतल्यांनी किंवा आतल्यांसाठी केलेली आहेत आणि त्यांचा सूर घरच्या भांडणाचा आहे.

हेन्री विल्यम बनबरी हे याचं स्पष्ट उदाहरण. तो सरदार घराण्यातला, केंब्रिजच्या सेंट कॅथरिन्समध्ये राहिलेला, हौशी चित्रकार. त्याची रेखाटनं जेम्स ब्रेदरटन एचिंगमध्ये उतरवून विकत असे. हा ब्रेदरटन स्वतः केंब्रिजमध्ये चित्रकला शिकवायचा. बनबरीचं ‘पॉट फेअर, केंब्रिज’ हे १७७७चं चित्र गावच्या उन्हाळी जत्रेचं. तिथे चिनी मातीची भांडी विकली जात, म्हणून जत्रेचं नावच पॉट फेअर. ‘द होप्स ऑफ द फॅमिली’मध्ये घरची मंडळी मुलाला विद्यापीठात प्रवेशासाठी घेऊन आली आहेत. घराण्याची सगळी आशा ज्याच्यावर, तो मुलगा तिथे कसा उभा आहे ते बघा. बनबरी कठोर नाही. त्याची माणसं बावळट आहेत, पण तो त्यांना दुष्ट करत नाही, कारण त्या खोल्यांत तो राहिलेला होता.

ऑक्सफर्डची याहून जुनी परंपराही ध्यानात घ्या. तिथल्या ‘अॅक्ट’ नावाच्या पदवीसमारंभात ‘टेरी फिलियस’ म्हणून एका पदवीधराला वरिष्ठांची जाहीर टिंगल करायची मुभा असे. सेंट जॉन्समधून १७१९ साली काढून टाकलेल्या निकोलस अॅमहर्स्टने तेच नाव घेऊन विद्यापीठावर झोड उठवणारं नियतकालिक चालवलं. ते १७२६ साली पुस्तकरूपात आलं तेव्हा त्याचं मुखचित्र तरुण होगार्थने केलं. उपहासाची मुळं त्याच वास्तूत होती, ती अशी.

आता दुकानं. मॅथ्यू आणि मेरी डार्ली हे जोडपं लंडनच्या स्ट्रँडवर, कॅरिंग्टन बोल्स सेंट पॉल्सच्या आवारात ६९ क्रमांकाला, रॉबर्ट सेयर फ्लीट स्ट्रीटवर ५३ला, आणि शतकाच्या अखेरीस एस. डब्ल्यू. फोअर्स पिकॅडिलीत. फोअर्स तर चित्रांचे गठ्ठे संध्याकाळपुरते भाड्यानेही देई. पत्त्यांची यादी करत जा. तारीख खोडलेली असली तरी पत्त्यावरून काळ काढता येतो, कारण दुकानं हलत राहत.

शतकाच्या शेवटाकडे साधी प्रत एक शिलिंग आणि हाताने रंगवलेली दोन शिलिंग हा रुळलेला भाव होता. लंडनमधल्या साध्या मजुराची दिवसाची कमाई दोन शिलिंगच्या आसपास असे. म्हणजे गिऱ्हाईक खाऊनपिऊन सुखी. बाकीचे दुकानाच्या काचेपाशी उभे राहून बघत.

६. शोधायचं कुठे आणि कसं

सुरुवात ब्रिटिश म्युझियमपासून करा. तिथल्या राजकीय आणि व्यक्तिगत उपहासचित्रांची अकरा खंडांची सूची आहे. पहिले खंड फ्रेडरिक जॉर्ज स्टीफन्सने केले. पाचव्यापासून अकराव्यापर्यंतचे, म्हणजे १७७१ ते १८३२ या काळाचे खंड डोरोथी जॉर्ज यांनी केले आणि ते १९३५ ते १९५४ मध्ये आले. या बाईंच्या नोंदी म्हणजे शिक्षणच आहे. प्रत्येक चित्रातला प्रत्येक माणूस, फलक, कुत्रं त्यांनी वर्णन करून ठेवलं आहे. या सूचीतला क्रमांक जगभर वापरतात, तो प्रत्येक चित्रापुढे लिहून ठेवा.

नंतर अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधली लुइस वॉलपोल लायब्ररी. ती येल विद्यापीठाची आहे आणि या काळासाठी तिचा संग्रह फार समृद्ध आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९२१ साली विंडसरच्या राजवाड्यातला दहा हजारांच्या आसपास चित्रांचा साठा विकत घेतला होता, तोही बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या बऱ्याच प्रतिमा कुठल्याही वापरासाठी खुल्या आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या प्रतिमा साधारणपणे अव्यावसायिक वापरासाठी असतात. छापील पुस्तकात किंवा विक्रीच्या वस्तूवर वापरणार असाल तर आधी परवान्याची ओळ वाचा.

नुसतं ‘विद्यापीठ’ टाकून शोधलंत तर निम्मी चित्रं निसटतील. ऑक्सोनियन (ऑक्सफर्डचा माणूस), कँटॅब (केंब्रिजचा), फ्रेशमन, फेलो, प्रॉक्टर, डॉन (कॉलेजातला प्राध्यापक), डॉक्टर हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने एकेक करून टाका. कॉलेजांची जुनी स्पेलिंगंही टाका. ब्रेझनोज हे नाव चित्रांत ‘ब्रेझन नोज’ असं तोडून लिहिलेलं सापडतं.

लंडनला जाणं झालं तर म्युझियमच्या अभ्यासिकेत मूळ प्रती बघता येतात. वेळ आधी ठरवून घ्या, ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. शाईचं पेन अशा ठिकाणी चालत नाही.

७. विकत घेणार असाल तर

तांब्याच्या पाट्या मालकामागून मालकाकडे जात आणि पुन्हा पुन्हा छापल्या जात. होगार्थच्या पाट्यांवरून १७९०च्या सुमारास बॉयडेल या प्रकाशकाने आणि १८२२ साली हीथ या कोरीवकाराने आवृत्त्या काढल्या. चित्रावरची तारीख मात्र तीच राहिली. म्हणून तळाची तारीख ही छपाईची तारीख नव्हे. रेषा झिजलेल्या आहेत का, कागद गुळगुळीत एकसंध आहे की जाळीच्या रेघांचा, ते उजेडासमोर धरून बघा. जलचिन्हात साल असेल तर उत्तर तिथेच मिळतं. रंग फार ताजा असेल तर तो नंतर भरलेला असू शकतो. विक्रेत्याने लेखी उत्तर दिलं नाही तर घेऊ नका.

८. चित्राला पुरावा समजू नका

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. झोपाळू व्याख्याते आणि दारूबाज फेलो बघून ‘अठराव्या शतकातलं ऑक्सफर्ड मेलेलं होतं’ असं लिहून टाकायचा मोह होतो. त्याला साक्षीदारही मिळतात. इतिहासकार एडवर्ड गिबन १७५२ साली मॉडलिन कॉलेजात गेला आणि तिथले चौदा महिने आपल्या आयुष्यातले सर्वांत निष्फळ, असं त्याने लिहून ठेवलं.

पण त्याच ऑक्सफर्डमध्ये पुढच्याच वर्षी विल्यम ब्लॅकस्टोनने इंग्लिश कायद्यावर व्याख्यानं सुरू केली आणि १७५८ साली तो त्या विषयाचा पहिला प्राध्यापक झाला. १७६४ साली युनिव्हर्सिटी कॉलेजात आलेला विल्यम जोन्स तिथेच अरबी-फारसीत बुडाला. पुढे १७८४ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी स्थापन करणारा तो हाच. केंब्रिजची गणिताची परीक्षा तर शतकभर कडक होत गेली. रात्र रात्र जागून शिकणारा मुलगा दुकानाच्या काचेत लावून विकला जात नाही, म्हणून तो चित्रांत दिसत नाही.

चित्रावरून काय सिद्ध होतं? विद्यापीठाबद्दल गिऱ्हाइकाला काय ऐकायला आवडत होतं, ते. खर्च वाया जाईल ही बापाची धास्ती, पैशावर मिळणारा मान, घोड्यांचा नाद, चर्चच्या जागेची वाट. या गोष्टी खऱ्या होत्याच. तुमचं वाक्य तिथवरच न्या.

९. टिपण ठेवायची पद्धत

प्रत्येक चित्रासाठी हे रकाने करा : सूची क्रमांक, पूर्ण शीर्षक जसंच्या तसं, तळाची ओळ जशीच्या तशी, बदललेलं साल (१७५२ आधीचं असेल तर), कल्पना-रेखाटन-कोरीवकाम कुणाचं, दुकानाचा पत्ता, किंमत, तंत्र, चित्रातल्या माणसांच्या पायऱ्या, चित्रातला सगळा लिखित मजकूर, प्रतिमा कुठून घेतली आणि परवाना कोणता. तुमचा अर्थ सर्वांत शेवटच्या रकान्यात लिहा, आधी नको. अर्थ आधी लिहिला की पुढचे तपशील डोळे त्याप्रमाणेच बघू लागतात.

होगार्थनंतर बनबरीची चार-पाच चित्रं या पद्धतीने पुरी करा. मग एकोणिसाव्या शतकात पाऊल टाका. उपहासचित्रकार रोलंडसनचं ‘बेकन फेस्ड फेलोज ऑफ ब्रेझन नोज’ १८११चं आहे. त्याच सुमाराला रॉबर्ट डायटन ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एकेका डॉनचं उभं चित्र काढत गावोगाव फिरत होता. ब्रिटिश म्युझियममधून त्याने छापचित्रं चोरली होती, हे १८०६ साली उघडकीस आल्यावर त्याला लंडन सोडावं लागलं होतं. डायटनच्या चित्रांत प्रसंग नाही, गर्दी नाही, फक्त एक माणूस आणि त्याची चाल आहे. होगार्थच्या डोक्यांच्या गर्दीशेजारी ती ठेवून बघा. पायऱ्या, गोंडे आणि गाऊन एव्हाना तुम्हाला विचारल्याशिवाय दिसू लागले असतील.